सायोनारा म्हणजे ‘बरं तर’

आपल्याकडे पुस्तक-परीक्षणांचा तुटवडा आहे असे कोणी म्हणणार नाही. सोळा पानांच्या कवितासंग्रहावर चोवीस पानांचे परीक्षण वाचलेला मी माणूस आहे. पण एका वाङ्मयप्रकाराकडे आपली समीक्षक मंडळी ढुंकूनही पाहत नाहीत. तो प्रकार म्हणजे ‘तीस दिवसांत अमुक भाषा बोलायला शिका’. अप्पा बळवंत चौकापासून एस.टी. स्टँडवरच्या गाड्यापर्यंत ही पुस्तके सगळीकडे मिळतात. आता ती मोबाइलमध्येही शिरली आहेत आणि तिथे तीस दिवससुद्धा मागत नाहीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घोटून घोटून इंग्रजी पचवलेल्या समाजाने या प्रकाराची अशी उपेक्षा करावी, हे कृतघ्नपणाचे लक्षण आहे.

ही उणीव आज मी माझ्यापरीने भरून काढतो. परीक्षणाला घेतली आहेत जपानी शिकवणारी चार पुस्तके. नावे सांगत नाही. चारही एकमेकांची सख्खी भावंडे आहेत. एकाचे कौतुक केले तर उरलेली तिघे रुसायची.

आता मी जपानी का वाचावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर चिखली. चिखली म्हटले की ‘बुलढाण्याची का?’ असे विचारणारे भेटतात. ती नव्हे. आमची चिखली देहू आणि आळंदी यांच्या मधली, इंद्रायणीकाठची. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचा टाळ इथे पडला अशी कथा आहे, म्हणून आम्ही टाळगाव चिखली. १९९७ साली आम्ही पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलो. एका अंगाला टाटांचा मोटारींचा कारखाना (जुनी माणसे अजून टेल्कोच म्हणतात), उत्तरेला नदीपलीकडे चाकण आणि मधल्या जागेत जिथे बोट ठेवाल तिथे पत्र्याची शेड. शेडमध्ये लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग आणि एका कोपऱ्यात गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती. अशाच एका शेडमध्ये मी सुपरवायझर आहे.

या पट्ट्यात जपानी काही आज आलेले नाही. आकुर्डीच्या बजाजची कावासाकी मोटारसायकल १९८६ साली रस्त्यावर आली, तेव्हापासून आमची माणसे जपानी नावे जिभेवर घोळवताहेत. पुढे शब्द आले. कायझेन, गेंबा, मुदा, पोका-योके. भिंतीभिंतीवर ‘पाच एस’चे तक्ते लागले: सेईरी, सेईतोन, सेईसो, सेईकेत्सु, शित्सुके. यातला शेवटचा शब्द आमच्या पोरांना एका दिवसात पाठ झाला, कारण शित्सुके म्हणजे शिस्त. इतका सोयीस्कर योगायोग भाषांच्या नशिबी क्वचित येतो.

पण हे सगळे शब्द हुकमाचे. उचल, पूस, जागेवर ठेव. त्यातल्या एकाच शब्दामागे मला मायेची गोष्ट सापडली. चुकीचा जॉब मशीनमध्ये बसूच नये अशी जी व्यवस्था करतात तिला पोका-योके म्हणतात. तिचे जुने नाव बाका-योके. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. शिगेओ शिंगो हे तिकडचे मोठे उत्पादनतज्ज्ञ. १९६० नंतरच्या दशकात एका कारखान्यातल्या कामगार बाईला ते नाव ऐकून रडू कोसळले. मी एवढी मूर्ख का, म्हणाली. शिंगोंनी नाव बदलले. ‘पोका’ म्हणजे नजरचूक. मूर्ख कोणीच नाही, चुकते फक्त नजर. आमच्या भिंतीवर हा शब्द कैक वर्षे टांगलेला आहे, पण ही गोष्ट तक्त्यावर लिहिलेली नाही. तक्त्यावर नेहमी शब्दाची कवटीच टांगतात.

आमच्या शेडमध्ये एक जपानी गृहस्थ दोन वर्षे येत होते. निवृत्त इंजिनियर, सत्तरीच्या घरातले. सगळे त्यांना ‘सेन्सेई सर’ म्हणत. सेन्सेई म्हणजेच सर, त्यामुळे हे ‘गुरुजी मास्तर’ म्हटल्यासारखे झाले, पण आदर दुप्पट झाला तर बिघडले कुठे? मशीनला कान लावून बेअरिंगचे दुखणे कसे ओळखायचे, हे त्यांनी मला शिकवले. बोलून नव्हे, माझे डोके धरून मशीनला लावून. टपरीवर उलट्या क्रेटवर बसून आम्ही दोघांनी मिळून जेवढा चहा प्यायलो, तेवढ्यात एका मशीनचे कूलंट बदलून झाले असते. ते परत जायला निघणार असे कळले आणि या माणसाला त्याच्या भाषेत चार शब्द सांगावेत असे मला वाटले. आभाराचे आणि लोभाचे. म्हणून ही चार पुस्तके.

आता परीक्षण.

कथानकाच्या दृष्टीने चारही पुस्तके एकसारखी आहेत. नायक विमानतळावर उतरतो. पहिल्याच प्रकरणात त्याची बॅग हरवते. दुसऱ्यात त्याला हॉटेलातली खोली पसंत पडत नाही. तिसऱ्यात त्याचे पोट दुखते, आणि दुसऱ्या प्रकरणात तो काय काय खायला मागतो ते पाहता यात अनपेक्षित काही नाही. चौथ्यात पासपोर्ट जातो. एवढ्या संकटांतून तावून सुलाखून निघालेला हा नायक सातव्या प्रकरणात, कसलीही पूर्वतयारी नसताना, एकदम ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ म्हणतो. कोणावर, ते लेखक सांगत नाही. आतापर्यंत कथेत कस्टम अधिकारी, वेटर आणि दाताचा डॉक्टर एवढीच पात्रे आलेली आहेत.

या सातव्या प्रकरणाचे नाव ‘प्रेम व आभार’. पानसंख्या दीड. माझे सगळे भांडण या दीड पानाशी आहे.

पहिला आक्षेप कानाचा. पुस्तकात छापले आहे, ‘अरिगाटो’. जपानी भाषेत ट नाहीच. ड नाही, ठ-ढही नाहीत. ते लोक आपल्या त-द ने बोलतात: आरिगातो, तोक्यो, तोयोता. इंग्रजांची जीभ तिथे वळत नाही म्हणून त्यांनी आपल्या परीने उच्चार केला; आपण तो ट म्हणून ऐकला आणि छापला. म्हणजे आपल्या घरात त चा हंडा भरलेला असताना आपण लंडनहून ट चे पिंप मागवले! तीच गोष्ट ‘त्सु’ची. पुस्तक बजावते, की हा उच्चार फार कठीण आहे. कठीण इंग्रजांना. मराठी माणसाने ‘चूल’ म्हणावे आणि त्यातला च जिभेच्या शेंड्यावर धरावा, झाला त्सु. आपल्या आज्या हा उच्चार दिवसातून दहा वेळा करत होत्या आणि त्यासाठी त्यांनी कधी प्रमाणपत्र मागितले नाही.

दुसरा आक्षेप वाक्यांचा. पुस्तक म्हणते, जपानी वाक्यरचना ‘उलटी’ असते. क्रियापद शेवटी येते. उलटी कोणाच्या हिशेबाने? आपलेही क्रियापद शेवटीच येते. जपानी प्रश्न विचारताना वाक्याच्या टोकाला ‘का’ लावतात. ‘किमासु का?’ म्हणजे ‘येता का?’ आपला का आणि त्यांचा का, दोघेही शेपटीला. दुजोरा मागायचा तर ते ‘ने’ म्हणतात, आपण ‘ना’ म्हणतो. ‘छान आहे ना?’ इतके जवळचे घर असताना पुस्तक मराठी वाचकाला आधी इंग्रजीत नेते, तिथे त्याचे हातपाय उलटे करते आणि मग जपानीत आणून सोडते. चिखलीहून देहूला जायचे तर कोणी व्हाया मुंबई जात नाही.

पण हे व्याकरणाचे झाले. खरी गंमत, आणि खरे नुकसान, मनातले बोलण्याचे आहे.

‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ याला पुस्तकात ‘आइशितेरु’ दिले आहे. शब्द चुकीचा नाही. फक्त जपानात नवराबायकोसुद्धा तो जन्मात क्वचित उच्चारतात, मग मित्राची काय कथा. मराठीत तरी कोण म्हणतो? आपल्याकडे हे वाक्य नाटकाच्या दुसऱ्या अंकात म्हटले जाते आणि तेही प्रॉम्प्टरच्या मदतीने. घरात आपण ‘जेवलास का?’ म्हणतो. मित्राला म्हणतो, ‘मेल्या, होतास कुठे इतके दिवस?’ त्यात जेवढा जीव असतो तेवढा त्या नाटकातल्या वाक्यात नसतो. सत्तरीच्या सेन्सेईंना टपरीवर मी ‘आइशितेरु’ ऐकवले असते, तर त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

आभारांचेही तेच. मराठीत ‘धन्यवाद’ हा शब्द सत्यनारायणाच्या पूजेत किंवा गॅदरिंगच्या शेवटी ध्वनिक्षेपकावर शोभतो. शेजारीण वाटीभर भाजी घेऊन आली आणि आपण ‘धन्यवाद’ म्हणालो, तर ती दुसऱ्या दिवशी वाटी मागायला येईल, भाजी घेऊन येणार नाही. आपण म्हणतो, ‘अहो, कशाला एवढा त्रास घेतलात?’ म्हणजे आभार मानायचे तर आपण आधी संकोचतो. आता जपानी पाहा. ‘सुमिमासेन’ हा शब्द चारही पुस्तकांत ‘माफी मागणे’ या सदरात टाकला आहे. पण जपानी माणूस कोणी चहाचा कप पुढे केला की हाच शब्द म्हणतो. शब्दशः अर्थ, ‘हे मिटत नाही’. फिटत नाही, म्हणा ना. तुमचे देणे माझ्याच्याने फिटत नाही. माफी आणि आभार एकाच शब्दात. ‘त्रास दिला तुम्हाला’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला कोणत्याच पुस्तकाची गरज नव्हती. पण पुस्तकाने शब्द दुसऱ्याच कपाटात ठेवला.

‘आरिगातो’ची व्युत्पत्ती एका पुस्तकाने दिली आहे आणि ती चुकीची आहे. म्हणे तो पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला. आपल्या गोव्यामुळे आपल्यालाही ही गोष्ट पटकन गोड वाटते. पण पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले १५४३ साली, आणि हा शब्द जपानी साहित्यात त्याच्या कितीतरी शतके आधीपासून आहे. त्याचा मूळ अर्थ, ‘असणे कठीण’. म्हणजे दुर्लभ. तुम्ही माझ्यासाठी केलेत ते सहसा घडत नाही. देहू-आळंदीच्या मधल्या माणसाला ‘दुर्लभ’ शब्द काय नवा? आमच्याकडे नरदेहापासून संतसंगापर्यंत सगळे दुर्लभच आहे. सुलभ म्हणून आहे ते फक्त शौचालय.

मग मी दीड पान बाजूला ठेवले आणि बाकीचे पुस्तक धुंडाळू लागलो. आणि काय सांगू, लोभाचे सगळे शब्द तिथे इकडेतिकडे विखुरलेले होते! ‘जेवण’ या प्रकरणात ‘गोचिसोसामा’ सापडले. जेवून उठताना म्हणायचे. त्यातल्या ‘चिसो’चा मूळ अर्थ आहे धावाधाव. माझ्या घासासाठी तुम्ही केवढी धावपळ केलीत! पुस्तकात अर्थ दिला आहे, ‘जेवण चांगले होते’. म्हणजे पदार्थाचे कौतुक झाले आणि रांधणारी राहिली चुलीपाशी. ‘कचेरी’ या प्रकरणात ‘ओत्सुकारेसामा’ होते. काम संपल्यावर एकमेकांना म्हणायचे. अर्थ दिला आहे ‘शुभ संध्याकाळ’. छे! ते आहे आपले ‘दमलात हो’. पाळी सुटल्यावर हात पुसत बाहेर पडणाऱ्या माणसाला कोणी एवढे म्हटले तरी निम्मा शीण जातो. ‘घर’ या प्रकरणात ‘इत्ते किमासु’. अर्थ, ‘मी जातो’. पुन्हा छे! शब्दशः ‘जाऊन येतो’. आणि घरातून उत्तर येते ‘इत्ते राश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’. मराठी घरात उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणून पाहा, आत किती जण दचकतात ते!

कळस केला तो ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ने. या वाक्यापुढे पुस्तकांचे इंग्रजी अक्षरशः घाम पुसते. एकाने दिले आहे, ‘कृपया मला चांगले वागवा’. दुसऱ्याने, ‘तुम्हाला भेटून आनंद झाला’. तिसऱ्याने पुढे नुसते उद्गारचिन्ह टाकले आहे. अहो, आपल्या वाडवडिलांनी जन्मभर प्रत्येक पत्राच्या शेवटी हेच लिहिले: ‘लोभ असावा, ही विनंती.’ ओनेगाइ म्हणजे विनंतीच. शब्दाला शब्द नाही, पण भावाला भाव पुरेपूर. मात्र पुस्तक लिहिणाऱ्याने पत्र लिहायचे सोडून दिले असावे.

सायोनाराचेही तसेच. १९६६ साली ‘लव्ह इन टोकियो’ आला आणि हा शब्द आपल्याकडे घरोघर गेला. पोरींच्या वेण्यांना त्या सिनेमाच्या नावाचे रबरबँड लागले. आपल्याला वाटते, सायोनारा म्हणजे ताटातुटीचा हुंदका. मूळ शब्द ‘सायो नाराबा’. अर्थ, ‘असे असेल तर’. म्हणजे आपले ‘बरं तर!’ गप्पा संपतात, माणूस गुडघ्यांवर हात ठेवून उठतो, ‘बरं तर’ म्हणतो आणि आणखी पाऊण तास दारात उभा राहतो.

आणि सगळ्यांत मोठी वगळ. जपानीत उपकाराची नोंद क्रियापदातच होते. ‘नाओशिता’ म्हणजे दुरुस्त केले. ‘नाओशिते कुरेता’ म्हणजे दुरुस्त करून दिले, माझ्यासाठी केले. त्या ‘कुरेता’त आभार आधीच भरलेले आहेत. इंग्रजीला ही खुबी नाही, म्हणून पुस्तकाने ती गाळली. मराठीला आहे. ‘त्याने फॉर्म भरला’ आणि ‘त्याने फॉर्म भरून दिला’ यांत जेवढे अंतर आहे तेवढ्यात अख्खी मैत्री राहते.

पुस्तकांची बाजूही मांडली पाहिजे. परीक्षकाने एकतर्फी असू नये. स्वच्छतागृह कुठे आहे, हे चारही पुस्तके अचूक शिकवतात. शिवाय दोन्ही भाषा जुळ्या आहेत असाही माझा दावा नाही. जपानी माणूस गेल्या आठवड्यातल्या चहाचे आभार या आठवड्यात भेटल्यावर पुन्हा मानतो. आपल्याकडे तसे केले तर समोरच्याला वाटेल, आणखी एक चहा हवा आहे. जवळच्या माणसांतही रीत पाळावी अशी त्यांची एक म्हण आहे. पण जवळचा माणूस फारच उपचाराने वागू लागला, तर त्याला ते ‘मिझुकुसाइ’ म्हणतात, म्हणजे पाणचट. ‘आभार कसले मानता, आम्ही काय परके?’ असे आपण जिथे रागावतो तिथे ते म्हणतात, नात्यात पाणी घातलेस. वरणात पाणी फार झाले की काय होते, ते मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

सेन्सेईंसाठी मी शेवटी जे वाक्य निवडले ते ‘प्रेम व आभार’मधले नव्हतेच. ‘ओसेवा नि नारिमाशिता.’ तुम्ही माझे फार केलेत, तुमच्या जिवावर माझे चालले. ‘सेवा’ या शब्दाशी त्याचा नाद जुळतो, पण नादावरून सोयरीक जमवू नये. शेडच्या दारात मी ते म्हटले. सेन्सेई काही वेळ काही बोलले नाहीत. मग कमरेत वाकले, सरळ झाले आणि मराठीत म्हणाले, ‘येतो.’

त्यांना कोणत्याही पुस्तकाने ‘मी जातो’ एवढेच शिकवले असते. ‘येतो’ त्यांनी दोन वर्षे रोज संध्याकाळी पाळी सुटताना ऐकले होते.

तेव्हा माझा अभिप्राय असा. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची वाण नाही. रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, परीक्षांना बसणारी मुले आहेत. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या मैत्रीखातर केलेली जपानी बाग आहे आणि तिला जपानवर ‘पूर्वरंग’मध्ये लिहिणाऱ्या पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे. यांतल्या कोणीतरी इंग्रजीचा हात न धरता, मराठी उंबऱ्यावरून थेट जपानी उंबऱ्यावर उतरणारे एक पुस्तक लिहावे. त्यात विमानतळ शेवटी आला तरी चालेल. पहिले प्रकरण ‘दमलात हो’, दुसरे ‘जाऊन येतो’, तिसरे ‘कशाला त्रास घेतलात’ आणि चौथे ‘लोभ असावा’. ‘प्रेम व आभार’ असे वेगळे प्रकरण नसावे. ते दोन्ही जिथे राहतात तिथेच राहू द्यावेत.

बाकी परीक्षणाच्या रिवाजाप्रमाणे: चारही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर फुजी पर्वत आणि छत्रीवाली बाई आहे. बांधणी टिकाऊ. मुद्रणदोष पुष्कळ आहेत, पण सातव्या प्रकरणात ते कमी भासतात, कारण तिथे दोष मुद्रणाचा नाही.